आपल्याकडे यहूदी आहेत कुठे?

प्रति,
मराठी मंडळ्यांचे आदरणीय बिशप आणि पाळक, थिऑलॉजिकल कॉलेजांचे प्राचार्य व प्राध्यापक, आणि शब्बाथशाळेची पुस्तकं तयार करणाऱ्या समित्यांचे सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी गेली चोवीस वर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकवते. इतक्या वर्षांत पाळकांविरुद्ध किंवा कमिटीविरुद्ध मी कुठे एक ओळ लिहिलेली नाही. येशूच्या मरणाचा दोष सर्व यहूद्यांवर लादणारी शिकवण आपण थांबवावी, हे या पत्रातलं म्हणणंही मी आधी आमच्या मंडळीतच दिलं होतं, बंद पाकिटात. उत्तर मिळालं ते तोंडी, उपासना संपल्यावर, चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या: "पवित्र शास्त्रात आहे ते आहे, बाई. आणि आपल्याकडे यहूदी आहेत कुठे?"

त्या एका वाक्यामुळे हे पत्र उघड लिहावं लागतं आहे. माझी मंडळी कोणती, ते सांगत नाही. अशी नाटकं आणि असे धडे मी तीन-चार मंडळ्यांत पाहिले आहेत आणि त्यांतले काही धडे मी स्वतः शिकवलेले आहेत.

झालं ते असं. या वर्षी शुभ शुक्रवारी आमच्या मुलांनी येशूच्या दुःखसहनाचं नाटक केलं. रोमी शिपायांना सोनेरी कागद लावलेली शिरस्त्राणं होती. 'यहूदी' झालेल्या मुलांना काळे अंगरखे, कापसाच्या दाढ्या आणि पुठ्ठ्याची वाकडी नाकं. रोमी सुभेदार पिलात हात धुतो तेव्हा मागे हळुवार संगीत. मग घोळका पुढे आला आणि ओरडला, "त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो." मत्तयाच्या शुभवर्तमानात हे वाक्य एकदाच येतं. आमच्या नाटकात ते तीनदा होतं, परिणाम साधावा म्हणून. पुढच्या रविवारी सहावीतल्या एका मुलानं वर्गात मला विचारलं, "टीचर, मग हिटलरनं केलं ते देवानं ठरवलेलंच होतं ना?"

हा मुलगा खोडकर नाही, दुष्ट तर मुळीच नाही. त्याला शाळेच्या इतिहासात साठ लाख यहूद्यांची कत्तल शिकवली होती आणि चर्चमध्ये हे वाक्य. त्यानं दोन गोष्टी जोडल्या, एवढंच. त्याच्याआधी हीच जोडणी युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनी केली होती, आणि त्यांनी ती पुस्तकांत छापली होती.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते. माझं बालपण रायगड जिल्ह्यात गेलं. तेव्हा त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. आमच्या आळीत बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूद्यांची, दोन घरं होती. गावातली जुनी माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणायची, कारण त्यांच्या पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. शेजारच्या आजी नऊवारी नेसायच्या, बोलणं आमच्यासारखंच मराठी. त्यांच्याकडे नवस फेडला की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावानं मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळांच्या फोडी. त्यातलं एक ताट आमच्या घरी हमखास यायचं. मी आठ वर्षांची असताना शुभ शुक्रवारनंतरच्या आठवड्यात ते ताट आलं आणि मी ते हातानं दूर सारलं. म्हणाले, "आम्ही नाही खाणार. तुम्ही आमच्या येशूला मारलंत."

आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं बाळा, आमचे वाडवडील तर तेव्हा नवगावला घाणा चालवत होते." ताट आईच्या हातात देऊन त्या गेल्या. आई त्या दिवशी जेवली नाही. काही वर्षांनी ती दोन्ही कुटुंबं इस्राएलला गेली. आजींची माफी मी मागितलीच नाही. तेव्हा मला त्यात चूकच दिसली नव्हती.

आजींचं म्हणणं मला फार उशिरा कळलं. बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की ग्रीक राजा अँटिओकसच्या छळातून पळालेल्या त्यांच्या पूर्वजांचं गलबत कोकणातल्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हा काळ ख्रिस्तजन्माच्याही आधीचा. इतिहासकारांची काळाबद्दल वेगवेगळी मतं आहेत, पण त्यांची स्वतःची आठवण ही अशी. म्हणजे येशूला वधस्तंभावर खिळलं त्या दिवशी यरुशलेमात आपलं कोणीही नव्हतं, असं मानणाऱ्या घरातल्या बाईला मी खुनी ठरवलं, कारण मला शिकवलंच तसं गेलं होतं: जिथे जिथे यहूदी, तिथे तिथे ते रक्त.

आता या शिकवणीबद्दलच्या माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार ही, की आपण हे पवित्र शास्त्राच्या नावावर खपवतो आणि पवित्र शास्त्र मात्र नीट वाचत नाही. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती. हुकूम रोमी सुभेदाराचा, खिळे ठोकणारे हात रोमी शिपायांचे. आपण दर रविवारी जो विश्वासांगीकार म्हणतो त्यात या संदर्भात एकाच माणसाचं नाव येतं, पंतय पिलात. यहूद्यांचा त्यात उल्लेखही नाही. लूक सांगतो की येशूच्या मागून लोकांचा मोठा समुदाय चालला होता आणि स्त्रिया ऊर बडवून शोक करत होत्या. त्या सगळ्या यहूदी होत्या. 'हेरोद तुला मारायला पाहतो, इथून निघून जा' असं येशूला सावध करायला आले ते परूशीच होते, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथातले. प्रेषितांना वाचवणारा गमलियेल परूशी, रात्री येशूला भेटायला येणारा निकदेम परूशी. आणि आपण कोणाला ढोंगी म्हणायचं असलं की सहज म्हणतो, 'परूशी आहे नुसता'. शुभ शुक्रवारी तीन तास आपण येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपदेश ऐकतो. त्यातला पहिलाच उद्गार आहे, "हे बापा, त्यांना क्षमा कर." प्रभूनं स्वतः ज्यांच्यासाठी क्षमा मागितली त्यांच्या मुलाबाळांना शाप लागला, असं शिकवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि तिच्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे. ही शिकवण कुठून आली आणि तिनं काय केलं, हे आपल्या मंडळ्यांना कोणी सांगतच नाही.

इ. स. ३८६-८७ मध्ये अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम या नामांकित ख्रिस्ती उपदेशकानं यहूद्यांविरुद्ध उपदेशांची एक मालिका दिली. यहूद्यांच्या सभास्थानाला, म्हणजे सिनेगॉगला, त्यानं वेश्यागृह आणि चोरांची गुहा म्हटलं. तो एवढा का चिडला होता, ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या मंडळीतली माणसं यहूद्यांच्या सणांना जात होती, त्यांच्यासोबत उपास धरत होती. शेजार होता, येणंजाणं होतं. ते त्याला तोडायचं होतं. मला ते वाचताना मलिद्याचं ताट आठवलं.

पुढे हे शब्द कायदे झाले. कॅथोलिक चर्चच्या १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं यहूद्यांना वेगळा पोशाख सक्तीचा केला आणि ईस्टरच्या आधीचे तीन दिवस त्यांनी घराबाहेर पडू नये असंही ठरवलं. त्याआधी १०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाच्या जमावांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइंत्स या शहरांत यहूद्यांची कत्तल केलेली होती. १५५५ मध्ये पोपनं रोमच्या यहूद्यांना भिंतीआड कोंडलं. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात दंगल उसळली ती ईस्टरच्या रविवारी, आणि त्यात ४० हून अधिक यहूदी मारले गेले. युरोपातल्या यहूद्यांसाठी आपला पवित्र सप्ताह हा दारं लावून बसायचा सप्ताह होता.

आमच्या आजीही वर्षातून एक दिवस दार लावून घेत. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाला कोकणातले बेने इस्राएल 'दार फाळणीचा सण' म्हणतात, म्हणजे दार बंद करण्याचा. त्या दिवशी त्या घरात प्रार्थना चालायची आणि आम्हा पोरांना ताकीद असायची की तिकडे दंगा करायचा नाही. कोकणात यहूद्यांना भीतीनं दार लावावं लागलं नाही. याचं श्रेय त्यांच्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांना आहे. ते आपल्या शिकवणीला नाही, हे कबूल करायला हवं.

कारण याच किनाऱ्यावर, दक्षिणेला, ती शिकवण हातात सत्ता घेऊन उतरली तेव्हा काय झालं ते गोव्यात दिसतं. पोर्तुगालमध्ये १४९७ साली यहूद्यांचा सक्तीनं बाप्तिस्मा झाला. अशा घरांतली पुष्कळ माणसं पुढे गोव्यात आली. त्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशय असे. मिशनरी फ्रान्सिस झेवियरनं १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोही ठरवलेल्यांना शिक्षा करणारं न्यायालय, मागितलं; ते १५६० मध्ये आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललं. पुढे त्याची झळ मोठ्या प्रमाणावर इथल्या बाटवलेल्या हिंदूंना लागली, हे आपल्याला माहीत असतं. सुरुवातीला त्याची नजर कोणावर होती, ते मात्र आपण विसरतो. गार्सिया द ऑर्ता हा वैद्य याच नव्या ख्रिस्त्यांपैकी. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्यानं मिळालेलं होतं. तो १५६८ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. 'आपल्याकडे यहूदी आहेत कुठे' या प्रश्नाचं एक उत्तर गोव्यात आहे.

हे सगळं कॅथोलिकांनी केलं, असं आपल्यातला कोणी म्हणेल. तसं म्हणायची सोय आपल्याला नाही. दर ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनी आपण प्रॉटेस्टंट लोक मार्टिन ल्यूथरचं नाव कृतज्ञतेनं घेतो, मीही घेते. त्याच ल्यूथरनं १५४३ मध्ये लिहिलं की यहूद्यांची सभास्थानं आणि शाळा जाळाव्यात, घरं पाडावीत, त्यांच्या रब्बींना शिकवायला मनाई करावी. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी जर्मनीत सभास्थानं खरोखरच जाळली. ठ्युरिंगियाचा बिशप मार्टिन झासे यानं लगेच ल्यूथरची वचनं गोळा करून पत्रक काढलं आणि ल्यूथरच्या वाढदिवशीच, १० नोव्हेंबरला, सभास्थानं जळाली याचा त्यात आनंद व्यक्त केला. हा कोणी भाडोत्री गुंड नव्हता. आपल्यासारख्याच एका मंडळीचा बिशप होता.

थिऑलॉजिकल कॉलेजांच्या प्राध्यापकांना इथे थांबून विचारायचं आहे. गेरहार्ड किटेल हे नाव आपल्याला ठाऊक आहे. नव्या करारातल्या ग्रीक शब्दांचा त्यानं संपादलेला कोश जगभरच्या सेमिनरींत वापरला जातो. हाच किटेल १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला आणि त्याच वर्षी 'यहूदी प्रश्ना'वर पुस्तक लिहून त्यानं यहूद्यांना वेगळं, परकं म्हणून ठेवण्याचं समर्थन केलं. वॉल्टर ग्रुंडमन हा नव्या कराराचा प्राध्यापक. जर्मन चर्चच्या जीवनातून यहूदी प्रभाव खणून काढण्यासाठी १९३९ मध्ये एक संस्था निघाली, तिचा विद्येचा कारभार त्याच्याकडे होता. तिचं उद्घाटन झालं वार्टबुर्ग किल्ल्यात, जिथे ल्यूथरनं नवा करार जर्मन भाषेत आणला. या विद्वानांनी गीतपुस्तकांतून 'सियोन', 'हालेलूया' हे शब्द काढले आणि यहूदी संदर्भ गाळलेला नवा करार छापला. किटेलचा कोश विद्यार्थ्यांच्या हाती देताना ही गोष्ट आपण त्यांना सांगता का?

आणि ज्यांनी विरोध केला त्यांचं काय? तिथेही मनाला फार लागतं. जर्मनीतल्या विरोधी चर्चनं काढलेल्या मे १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याचं आपण कौतुक करतो, आणि ते योग्यही आहे, कारण त्यानं हिटलरच्या चर्चला ठाम नकार दिला. त्या जाहीरनाम्यात यहूद्यांबद्दल एक शब्द नाही. तो ज्यानं मुख्यतः लिहिला त्या स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थनं ही आपली चूक झाली हे १९६७ मध्ये एका पत्रात मान्य केलं. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफरनं एप्रिल १९३३ मध्येच लिहिलं होतं की चाकाखाली चिरडलेल्यांची शुश्रूषा करून भागणार नाही, वेळ आली तर चाकच अडवावं लागेल. पण त्याच लेखात, ज्या लोकांनी तारणाऱ्याला खिळलं ते शाप भोगत आहेत, ही जुनी ओळही आहे. त्याच्यासारख्याच्याही लेखणीत ती होती. सभास्थानं जळाल्यानंतर त्यानं आपल्या बायबलमध्ये चौऱ्याहत्तराव्या स्तोत्रातली, देवाची सभास्थानं जाळल्याची ओळ खुणेनं अधोरेखित केली आणि बाजूला तारीख लिहिली, ९-११-३८. त्याचं मन बदलत होतं आणि त्याची किंमत त्यानं प्राणांनी चुकवली. बर्लिनचा कॅथोलिक धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टनबर्ग त्याच नोव्हेंबरपासून चर्चमध्ये रोज उघडपणे यहूद्यांसाठी प्रार्थना करत होता. १९४१ मध्ये त्याला पकडलं आणि दाखाऊच्या छावणीकडे नेताना १९४३ मध्ये तो वारला.

मला सर्वांत जवळची वाटते ती एलिझाबेथ श्मिट्झ. बर्लिनमधल्या मुलींच्या शाळेतली शिक्षिका, इतिहास आणि धर्म शिकवणारी. १९३५ मध्ये तिनं यहूदी आणि यहूदी वंशाच्या लोकांवर काय चाललं आहे याची एकेक घटना नोंदवून निवेदन तयार केलं. शाळेत मुलांना कसं छळतात, शेजारी कसे तोंड फिरवतात, आणि यावर चर्च गप्प का आहे. त्याच्या सुमारे २०० प्रती स्वतः काढून तिनं विरोधी चर्चच्या पुढाऱ्यांपर्यंत पोचवल्या. नाव घातलं नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची परिषद भरली, पण निवेदन विचारात घेतलं गेलं नाही. १९३८ च्या त्या रात्रीनंतर तिनं, आपल्याला हवं तसं आता शिकवता येणार नाही म्हणून, नोकरीतून मुदतीआधी निवृत्ती मागितली. आपल्या घरात यहूद्यांना आसरा दिला. १९७७ मध्ये ती वारली तेव्हा अंत्यविधीला सात माणसं होती. ते निवेदन तिचं होतं हे तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी सिद्ध झालं. तोवर ते दुसऱ्याच एका बाईच्या नावावर होतं.

एका शिक्षिकेनं वेळेवर सांगितलं होतं, लेखी सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांना वाटलं, सध्या याहून महत्त्वाचे विषय आहेत.

युद्ध संपल्यावरही शहाणपण लगेच आलं नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी श्टुटगार्टमध्ये अपराधाची कबुली दिली. तिच्यात यहूद्यांचं नाव नाही. ते नाव घ्यायला १९५० उजाडलं. बर्लिनमधल्या वाइसनझेच्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधिसभेत, आपण गप्प राहून आणि करायचं ते न करून या पापात वाटेकरी झालो, हे स्पष्ट म्हटलं गेलं. दरम्यान १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झेलिसबर्ग इथे ख्रिस्ती आणि यहूदी एकत्र बसले आणि चर्चसाठी दहा कलमं तयार झाली: येशू यहूदी होता, त्याची आई यहूदी होती, पहिले शिष्य यहूदी होते, दुःखसहनाचा वृत्तांत सर्व यहूद्यांवर ठपका येईल अशा रीतीनं सांगू नये. या कामामागे ज्यूल इझाक हा फ्रेंच इतिहासकार होता. त्याची बायको आणि मुलगी ऑशविट्झला मारली गेली. त्यानं सूड मागितला नाही. चर्चनं शिकवलेली 'तिरस्काराची शिकवण' बदलावी एवढंच त्याचं मागणं होतं. १३ जून १९६० रोजी तो पोप तेविसाव्या योहानांना भेटला. त्यातून पुढे २८ ऑक्टोबर १९६५ चा व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा आला. येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहूद्यांवर सरसकट आणि आजच्या यहूद्यांवर मुळीच लावता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. १९८० मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइनलंडच्या प्रॉटेस्टंट सिनडनं आणखी पुढे जाऊन म्हटलं की यहूदी लोकांशी देवानं केलेला करार रद्द झालेला नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चनं ल्यूथरची ती वचनं जाहीरपणे नाकारली.

आणि आपण? ख्रिस्ती शिकवण आपल्याकडे आली तेव्हा हा दोषारोपही तिच्याबरोबर आला, गीतांतून, धड्यांतून, उपदेशांतून. त्यानंतर ज्यांनी तो शिकवला त्यांनी गुडघे टेकून चूक मान्य केली. ती कबुली आपल्यापर्यंत पोचली नाही, किंवा पोचली असेल तर ती कॉलेजच्या कपाटात राहिली. चोवीस वर्षांच्या शिकवण्यात आणि त्याआधीच्या आयुष्यात, वर सांगितलेल्यापैकी एकही कागद मंडळीपुढे वाचलेला मी ऐकला नाही. हे सगळं मला इंग्रजीतून, एकेक शब्द जुळवत वाचावं लागलं.

तिसरी तक्रार अलीकडची आहे. काही प्रार्थनासभांत आता इस्राएलचा झेंडा लावतात आणि शेवटच्या काळाच्या भविष्यवाण्या सांगतात. यहूदी सगळे परत गेले की युद्ध होईल, मग प्रभू येईल, आणि यहूदी एकतर ख्रिस्ती होतील किंवा नष्ट होतील. याला यहूद्यांवरचं प्रेम म्हणतात. मला त्यात प्रेम दिसत नाही. पूर्वी आपण त्यांना खुनी म्हणून पाहिलं, आता घड्याळाचा काटा म्हणून पाहतो. शेजारी म्हणून पाहिलं नाही ते नाहीच. इस्राएल सरकारच्या धोरणांवर ज्याला टीका करायची त्यानं करावी. पॅलेस्टिनी लोकांचं दुःख, त्यात ख्रिस्तीही आहेत, मला दिसतं आणि त्यासाठी मी प्रार्थना करते. पण त्या टीकेत 'शेवटी रक्तच तसलं' असं कोणी म्हणालं, आणि मी असं म्हणणारे ऐकले आहेत, तर ते ख्रिसोस्तोमचं बोलणं आहे. इकडे हिटलरचं आत्मचरित्र आपल्या शहरांत पुस्तकांच्या स्टॉलवर उघड विकलं जातं आणि तरुण मुलं ते 'शिस्तीचं पुस्तक' म्हणून वाचतात. अशा ठिकाणी चर्चनं मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न युरोपाइतकाच आपलाही आहे.

चौथं, आणि हे थोडक्यात. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात आपल्याला, परराष्ट्रीयांना, रानटी जैतुनाची फांदी म्हणतो, जी मूळ झाडावर कलम केली आहे. फुशारकी मारू नकोस, तू मुळाला धरलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे, असं तो बजावतो. देव आपली देणगी आणि पाचारण मागे घेत नाही, असंही तिथेच आहे. हा अध्याय आमच्या शब्बाथशाळेच्या पुस्तकांत मला कुठल्याच इयत्तेत सापडला नाही. 'यहूद्यांनी येशूला नाकारले म्हणून देवाने त्यांना नाकारले' हे वाक्य मात्र एका पुस्तकात चौकटीत छापलेलं आहे, पाठ करण्यासाठी.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

शब्बाथशाळेची सर्व पुस्तकं यासाठी एकदा वाचून घ्यावीत आणि वर सांगितल्यासारखी वाक्यं पुढच्या छपाईत काढावीत. वाचायला माणसं हवी असतील तर मी येते, मोबदला नको. शुभ शुक्रवारी दुःखसहनाचं वाचन होण्याआधी पाळकांनी दोन मिनिटं मंडळीला सांगावं की हा दोष कोणत्याही लोकांच्या माथ्यावर नाही आणि येशू, मरिया, पेत्र, योहान सगळे यहूदी होते. मुलांच्या नाटकांतून वाकडी नाकं आणि तो घोष बंद व्हावा. घोळका दाखवायचाच तर तो साध्या कपड्यांतला असावा, आपल्यासारखा. झेलिसबर्गची दहा कलमं, वाइसनझे आणि ऱ्हाइनलंडचे ठराव आणि १९६५ च्या जाहीरनाम्याचा यहूद्यांविषयीचा भाग मराठीत एका छोट्या पुस्तिकेत एकत्र करून प्रत्येक मंडळीला द्यावा. थिऑलॉजिकल कॉलेजांनी हा इतिहास, गोव्यासकट, सक्तीचा विषय म्हणून शिकवावा. जो पाळक तो शिकलेला नाही त्याच्यासाठी दोन दिवसांचं शिबिर घ्यावं. २७ जानेवारीला ऑशविट्झची छावणी मोकळी झाली. त्याच्या जवळच्या रविवारी उपासनेत पापांगीकाराची एक प्रार्थना असावी, आणि तिच्यात कातारिना द ऑर्ताचं नाव घ्यावं.

एक मागणी बिशप महोदयांकडे वेगळी आहे. यहूदी आहेत कुठे, असं मला विचारलं गेलं. ते ठाण्यात आहेत, मुंबईत आहेत, अलिबागच्या आसपास आहेत. थोडे उरले आहेत, पण सिनेगॉगमध्ये दर शब्बाथला प्रार्थना होते आणि मराठी घराघरात बोलली जाते. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आपण त्यांच्याकडे जावं, त्यांचा धर्म बदलण्याचा हेतू बाहेर ठेवून, आणि आपण काय शिकवत आलो ते सांगून माफी मागावी. त्यांनी ती दिलीच पाहिजे असं नाही.

पुढच्या शुभ शुक्रवारच्या नाटकाची तयारी आमच्याकडे नाताळनंतर लगेच सुरू होते. त्याआधी मला लेखी उत्तर मिळावं. त्या सहावीतल्या मुलाला मी सांगितलं आहे की त्याच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि चर्चमधूनही त्याला तेच ऐकायला मिळेल. तो दर रविवारी येतो.

आपली नम्र,
एक शब्बाथशाळा शिक्षिका